काळ्या मातीतली चारोळी

माझ्या दिराचं वाईट व्हावं असं मला सतरा वर्षं वाटत होतं. ते झालं. त्यात माझा हात किती होता हे घरात कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले. जे आहे ते सरळ लिहीन.

आमचं घर रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यात. सासरे वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी उरला गावाच्या पलीकडे सात एकर जमीन घेतली. तेव्हा तिकडे कारखाने थोडे होते. आता तिथे चादर वाळत घातली तर तासाभरात तिच्यावर काळी भुकटी बसते. जमीन उताराची आहे. खालची अर्धी कन्हार, म्हणजे काळी, भारी, पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी. तिथे विहीर होती. वरची अर्धी भाठा, म्हणजे लाल मुरूम, दगड आणि खुरटं गवत. भाठ्यावर चारोळीची अकरा जुनी झाडं उभी होती. ती कोणी लावली नव्हती. जंगल तोडताना कोणीतरी तेवढी सोडून दिली असावीत.

आमच्या लोकांचा काळ्या मातीवर फार जीव. वर्ध्या-अमरावतीकडचा माणूस कुठेही जमीन पाहायला गेला की आधी मूठभर माती उचलून रंग पाहतो. काळी निघाली की झालं, मग तो दुसरं काही पाहत नाही. सासऱ्यांनीही खालच्या अर्ध्याकडे पाहूनच सौदा केला होता. वरचा भाठा त्यांना फुकटात गळ्यात पडल्यासारखा वाटायचा. छत्तीसगढी माणूस आधी विचारतो की या मातीत काय लावायचं आहे. हा फरक मला कळायला वीस वर्षं लागली. माझ्या दिराला तो कळलाच नाही.

माझा नवरा रेल्वेत, दीर सरकारी कचेरीत. शेतावर जायची ती मी. सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळी परत. कन्हारात धानाचा रोपा मी लावला आहे, बनिहारणींच्या, म्हणजे मजूर बायांच्या, रांगेत उभी राहून. विहिरीचा कठडा ढासळला तेव्हा मिस्त्रीच्या हाताखाली दगड मी दिले. त्या वर्षांत दीर शेतावर आला तो हुरडा आणि हरभरा खायला.

नवरा गेला. तेरवीच्या दिवशी जेवणं झाली, पानं वाटली गेली, नातेवाईक ओसरीवर बसले होते. दिरानं टाईप केलेला कागद काढला. काळी त्याला, भाठा मला.

"एकराला एकर आहे, वहिनी," तो म्हणाला. "साडेतीन तुमाले, साडेतीन मले. मोजून घ्या."

"अन् विहीर?" मी विचारलं.

"विहीर जमिनीतच असते न वहिनी. आता ते काय उपसून देऊ तुमाले?"

ओसरीवरचे हसले. त्यांत माझा सख्खा मामेभाऊ होता.

"तुमाले कायची शेती जमते आता," दीर पुढे म्हणाला. "भाठ्यावर दोन बकऱ्या बांधा. टाइमपास होईल."

मी सही केली. मुलाची नोकरी नवी होती, नात पाळण्यात होती, कोर्टकचेरी परवडणार नव्हती, आणि माझ्या बाजूनं बोलायला जे हवे होते तेच हसत होते. सही करताना मी ठरवलं की या माणसाला याच लोकांसमोर मान खाली घालायला लावीन. कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

भाठ्यानं पहिली काही वर्षं काही दिलं नाही, कारण मलाच घेता येत नव्हतं. चारोळी पिकते वैशाखात. गावातले लोक ती हिरवी असतानाच ओरबाडतात, फांद्या तोडून नेतात. नाही नेली तर दुसरा नेईल, ही भीती. हिरव्या फळातला दाणा सुरकुतलेला निघतो आणि कोचिया, म्हणजे गावोगाव फिरून माल उचलणारा दलाल, तो मातीमोलानं घेतो. मला हे शिकवलं एका बनिहारणीनं. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बीरगांवच्या पुढची. मी तिला नोनी, म्हणजे पोरी, म्हणते, ती मला दाई, म्हणजे आई. नोनीनं वैशाखात झाडाखाली खाट टाकली आणि फळ काळं होईपर्यंत कोणाला फिरकू दिलं नाही. मग खाली चादरी अंथरून आम्ही काठीनं हलकेच झोडपलं. रात्रभर भिजवून, तरटावर घासून साल काढली, गुठल्या, म्हणजे आतल्या बिया, उन्हात कडकडीत वाळवल्या.

गुठली फोडणं हे खरं काम. जात्यात घातली तर दाण्याचा भुगा होतो. नोनीनं जात्याच्या खुंट्याला चिंधी गुंडाळली. वरची तळी तेवढी उचलली गेली. गुठली फुटली, दाणा अख्खा राहिला. चिंधीचे किती वेढे द्यायचे हे दर वर्षी गुठलीच्या जाडीवर ठरतं, ते बोटांना कळावं लागतं. गुठली विकली तर कोचिया मोठा होतो. दाणा काढून गोलबाजारात नेला तर आपण. मिठाईवाले बदामाच्या जोडीनं चारोळी मागतात, आणि चांगला अख्खा दाणा असेल तर घासाघीस करत नाहीत.

चारोळीचं आणखी एक. ती एक वर्ष भरभरून देते, दुसऱ्या वर्षी हात आखडते. जिला दर महिन्याला पैसा लागतो तिचं हे झाड नाही. माझी पेन्शन होती, म्हणून मी थांबू शकले. पण थांबणाऱ्याकडून ते झाड काही मागत नाही. खत नाही, वीज नाही, फवारणी नाही. कारखान्याची भुकटी पानावर बसते तीही सोसतं.

चारेक वर्षांपूर्वी मी बाग वाढवायला घेतली. सगळ्यात जाड दाणा देणाऱ्या झाडाच्या काड्या घेऊन रोपवाटिकेतून कलमं बांधून आणली. भाठ्यात खड्डा खणायचा तर सब्बल, म्हणजे पहार, लागते. एकेका खड्ड्याला नोनीचा अर्धा दिवस जायचा. खड्ड्याशेजारी भोक पाडलेलं मडकं पुरायचं, आठवड्यातून एकदा भरायचं. दोन उन्हाळे एवढंच पाणी. खालून विहिरीचं पाणी घ्यायला दिरानं मला मनाई केली होती, म्हणून आम्ही गावच्या हातपंपावरून डोक्यावर आणायचो. नातीनं एक गुठली फोडायचं छोटं यंत्रही शोधून दिलं. तेही मी घेतलं. जात्याचा मला सोस नाही, माझे खांदे दुखायचे.

दीर तोपर्यंत निवृत्त झाला होता. गोलबाजारात त्याला कोणीतरी सांगितलं की तुमच्या वहिनीचा माल पहिल्या भावात जातो. महिनाभरात तो शेतावर आला. वाटणीनंतरच्या चौदा वर्षांत तो पहिल्यांदा भाठ्यावर चढला.

"वहिनी, भारी केलं तुम्ही," तो झाडं पाहत म्हणाला. "मी पण लावून राहिलो चारोळी. सायंटिफिक. ड्रिप, बोअर, सगळं. एका एकरात तुमच्या तिप्पट झाडं बसवतो."

"कुठं लावता?"

"कुठं म्हणजे? काळ्यात. तुमच्या या दगडात एवढी येते, मंग काळ्या सोन्यात किती येईल, विचार करा!"

नोनी शेजारी घमेलं घेऊन उभी होती. तो खाली उतरून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "कन्हार म चार नइ जिये दाई. पानी भराथे त जरी सर जाथे."

काळ्या मातीत पाणी साचतं, मुळं सडतात आणि चार, म्हणजे चारोळी, जगत नाही, एवढंच ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "तुले कोणी विचारलं काय?"

"नइ."

"मंग गप राह्य."

ती घमेलं उचलून कामाला लागली. माझी मजुरी ती खात होती.

पंधरा दिवसांनी दीर पेढे घेऊन ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी आला. एक योजना निघाली होती, कलमी चारोळीच्या बागांसाठी, पण फक्त पडीत भाठा जमिनीला. अनुदान तीन हप्त्यांत, झाडं जगलेली दाखवली की पुढचा हप्ता.

"एक फोटो काढू द्या फक्त, तुमच्या भाठ्यावर," तो म्हणाला. "मी उभा, मागं जमीन. जमिनीचा खसरा नंबर तर मी माझाच टाकतो, तुमाले काही त्रास नाही."

नात कॉम्प्युटरवर होती. ती मान न वळवता म्हणाली, "आजी, उस फोटो में लोकेशन भी आता है. कहाँ खींचा, सब दिखता है."

"आलं तर आलं," दीर म्हणाला. "बांध तर एकच आहे न पोरी. साहेब काय टेप घेऊन येतो?"

मी तेव्हाच सगळं पाहिलं. कागदावर त्याची झाडं माझ्या भाठ्यावर असणार होती आणि जमिनीत त्याच्या काळ्या मातीत. झाडं मेली तर तो कोणाकडे रडू शकणार नव्हता. मी म्हटलं, "काढा न भाऊजी. घरचंच आहे." आणि त्याला चहा दिला. साखर जास्त घातली, त्याला गोड लागतो.

त्यानं खरंच मोठं काम केलं. दोन बोअर पाडले, बँकेचं कर्ज घेतलं, काळ्या नळ्या पसरल्या, रस्त्याकडे तोंड करून निळा बोर्ड लावला. कलमं लावायला त्यानं नोनीलाच बोलावलं, मजुरी माझ्यापेक्षा जास्त देऊन. मी तिला जा म्हटलं.

आणि मग पहिल्या वर्षी ती झाडं अशी वाढली की माझी झोप उडाली. माझी कलमं गुडघ्याएवढी, त्याची छातीला लागलेली. पानं जाड, हिरवीगार. त्या वर्षी पाऊस कमी होता, त्यामुळे कन्हारात पाणी साचलंच नाही. दीर दर रविवारी नातेवाईकांना घेऊन यायचा, त्याच त्या ओसरीवरच्या. बांधावर उभा राहून ओरडायचा, "पाहा वहिनी! काळी माती काय चीज आहे!" मामेभाऊ म्हणाला, "तायडे, तू पण याच्याकडून शिकून घे काही." मी हसले. घरी येऊन जेवले नाही. नोनीचं चुकलं असं मला वाटायला लागलं. मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "पानी ल आवन दे, दाई."

दुसऱ्या वर्षी पाऊस आला. श्रावणात आठ दिवस झड लागली. कन्हारात पाणी उभं राहिलं, झाडांच्या बुंध्यापर्यंत, आणि उतरायला वेळ लागला. भाठ्यावर पाणी पडायचं आणि मुरमातून निघून जायचं. दसऱ्याच्या सुमारास त्याची पानं पिवळी पडली, मग शेंडे मान टाकायला लागले. ऊन चढलं की झाड सुकल्यासारखं दिसायचं.

सडलेल्या मुळाचं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. मुळं पाणी उचलत नाहीत, म्हणून पान वाळतं. मला हे ठाऊक होतं. नोनीला ठाऊक होतं. दिराला नव्हतं.

तो नोनीला विचारत होता तेव्हा मी बांधाच्या अलीकडे होते, चार पावलांवर.

"काहून सुकून राहिले हे? पाणी कमी पडलं काय?"

नोनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, होकाराची.

"हव," ती म्हणाली. "पानी मांगत हे."

त्यानं दोन्ही बोअर चालू केले. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ठिबक चालू. वरून खताची मात्रा. दिवाळीपर्यंत एकेक झाड काडीसारखं झालं. उपटून पाहिलं तर मूळ काळं, बोटानं सोललं जाईल असं, आंबूस वास. दीर चिखलात उकिडवा बसून ते मूळ हातात धरून होता. मी भाठ्यावरून पाहिलं. घरी येऊन पोटभर जेवले आणि वर दोन करंज्या खाल्ल्या.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मला ते लोकांसमोर हवं होतं.

दुसरा हप्ता त्याला नुसत्या कागदावर मिळाला होता, पण तिसऱ्या वर्षी पाहणीचं पत्र आलं. जिवंत झाडं दाखवायची, त्याच जागेवरून फोटो घ्यायचा, जागा पहिल्या फोटोशी जुळली पाहिजे. पहिला फोटो माझ्या भाठ्यावरचा. दीर ब्राह्मणपाऱ्यात आला. या वेळी पेढे नव्हते. चपला काढून तो माझ्यासमोर सतरंजीवर बसला.

"वहिनी, एक दिवस. साहेब येईल, तुमची कलमं पाहील, फोटो काढील, जाईल. तुमची अन् माझी झाडं एकाच वयाची आहेत, कोणाले काय समजते?"

"अन् नाही दाखवली तं?"

"तं मागचे दोन हप्ते वापस मागतील. वरून बँक आहे. मी बुडतो, वहिनी."

त्यानं माझे पाय धरले नाहीत, पण हात पुढे आला होता. मला वाटलं होतं की अशा वेळी त्या तेरवीबद्दल तो एक शब्द तरी काढील. मी वाट पाहिली. चहा होईपर्यंत वाट पाहिली. तो हप्त्यांबद्दल बोलत राहिला.

"आणा साहेबाले," मी म्हटलं. "अन् एकटे नका येऊ. चार लोक असले तर साहेबाले पण बरं वाटते. मामेभावाले घ्या, बाकीच्यांले घ्या."

त्याचा चेहरा सैल झाला. "तुम्ही खऱ्या मोठ्या आहात, वहिनी," तो म्हणाला.

मोठी मी वयानं आहे.

पाहणीच्या दिवशी मी स्वच्छ नऊवारी नेसून नातीच्या स्कूटीवर गेले. दिरानं समोसे आणले होते, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ओसरीवरचे सगळे होते, गावातलेही दोघे-तिघे. साहेब नवा, तरुण, घाम पुसत होता. दीर त्याला माझ्या झाडांमधून फिरवत होता आणि जात कोणती, अंतर किती, हे सांगत होता, सगळं माझ्याकडून ऐकलेलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ये हमारी भाभी हैं. यहाँ देखरेख करती हैं."

"माताजी, पेड़ तो बहुत अच्छे हैं," साहेब म्हणाला.

"अच्छे हैं साहब. मेरे हैं," मी म्हणाले. "ज़मीन भी मेरी है. इनके पेड़ नीचे हैं, कुएँ के पास. चलिए, दिखाती हूँ."

साहेबाला कळू नये म्हणून दीर मराठीत बोलला, अगदी हलक्या आवाजात. "वहिनी, काय करून राहिल्या तुम्ही?"

मी हिंदीतच उत्तर दिलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. "सच बोल रही हूँ, भाऊजी. आप भी बोलिए."

आणि उतारावरून खाली निघाले. गुडघे दुखतात, पण त्या दिवशी मी कोणाचा हात धरला नाही. साहेब मागे आला, गावातले आले, समोसा हातात धरून मामेभाऊ आला. खाली वाळलेल्या काड्यांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यामधून काळ्या नळ्या. मी एक काडी उपटली आणि मूळ साहेबाच्या हातात दिलं. नातीनं वाटणीच्या कागदाचा फोटो त्याला मोबाइलवर दाखवला. साहेब एकटा असता तर कदाचित मिटवून टाकलं असतं. इतक्या डोळ्यांसमोर त्याला लिहावंच लागलं.

"तुमाले माहीत होतं न? काळ्यात येत नाही म्हणून?" दिरानं विचारलं. सगळे ऐकत होते.

"होतं."

"अन् पाणी मागते म्हणून त्या बाईनं सांगतलं, ते?"

"ते मी सांगायला लावलं."

मामेभाऊ म्हणाला, "तायडे, घरचा माणूस आहे न हा." मी त्याला म्हटलं, "तू समोसा खा." कोणी हसलं नाही.

दीर तिथेच बांधावर बसला. मान खाली होती. मी ती नीट पाहिली. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण साहेबाची गाडी निघून गेली तरी मी उभी होते.

लोक म्हणतात की असं करून माणसाला शांतता मिळत नाही. मला मिळाली. त्या रात्री मी जशी झोपले तशी नवरा गेल्यापासून झोपले नव्हते.

पुढचंही लिहिते, कारण ते मला हवं होतं तसं झालं नाही. वसुली आली, बँक आली, दिरानं काळी जमीन विकायला काढली. मी निरोप पाठवला की मी घेते. विहिरीसकट मला ती हवीच होती, आणि मुलगा पैसे उभे करायला तयार होता. दिरानं ती कमी भावात उरल्याच्या एका गोदामवाल्याला दिली. मला मिळू नये म्हणून दिली, हे त्यानंच मध्यस्थाला सांगितलं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं, त्यामुळे तक्रार नाही. गोदामवाल्यानं विहिरीत मलबा टाकला. दोन ट्रक लागले. मी आणि नोनी भाठ्यावरून पाहत होतो.

नोनीचं नुकसान मी धरलंच नव्हतं. दिराकडची तिची रोजी बंद झाली, ते एक. शिवाय गावात तिला खोटारडी म्हणायला लागले, कारण 'पानी मांगत हे' हे ती बोलली होती, मी नाही. मी तिला म्हटलं, तुझी रोजी मी भरून देते. ती म्हणाली, दे. आणि घेतली. आम्ही दोघी असल्या बाबतीत लाजत नाही.

मग या वैशाखात, चादरी झटकताना, ती एकदम बोलली. "मोर हाथ ले लगाय रहेंव दाई. सब्बो ल."

"काय?"

"ओ पेड़ मन ल. मैं लगाय रहेंव. पानी घलो मैं देत रहेंव, मरत ले."

तिनंच लावलेली झाडं तिच्याच हातानं पाणी घालून मी मारायला लावली, हे तिला म्हणायचं होतं. दीड-दोन वर्षं ती हे मनात धरून होती. मी म्हटलं, "झाडाचं काय, पुन्हा लावता येते."

"त लगा," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

मला राग आला. दिरासाठी मला वाईट वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही, उद्या तो दारात आला तरी वाटणार नाही. पण ती झाडं नोनीच्या हातची होती. भाठ्याच्या वरच्या टोकाला, गोदामाच्या भिंतीपासून लांब, जागा रिकामी होती. ती सगळ्यात जास्त दगडाची, म्हणून मी सोडून दिली होती. कलमांची किंमत विचारली, मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई, या वयात? फळ कधी खाणार तू? मी म्हटलं, मला खायचं नाही, तू पैसे पाठव.

ज्येष्ठात सब्बल घेऊन नोनी पहिल्या खड्ड्याला लागली. मी दगड वेचून बांधावर टाकत होते. एक मोठा धोंडा हलेना, तेव्हा ती म्हणाली, "दाई, तैं घलो धर." मी पदर खोचला आणि सब्बलीचं दुसरं टोक धरलं.